आचार्य समंतभद्र: चरित्र, आख्यायिका आणि ‘आप्तमीमांसे’ची कसोटी

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. आचार्य समंतभद्रांच्या चरित्रातले विश्वसनीय किती आणि दंतकथा किती, हा पहिला प्रश्न. देवांचे येणे-जाणे आणि आकाशगमन यांमुळे कोणी थोर ठरत नाही असे लिहिणाऱ्या आचार्यांच्याच नावावर शिवपिंडीतून जिनमूर्ती प्रकट केल्याची कथा कशी सांगितली जाते, हा दुसरा. आणि स्याद्वाद, म्हणजे प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने केले ते सांगून करण्याची जैन रीत, ही ‘ज्याचे त्याचे खरे’ असे म्हणणे आहे काय, हा तिसरा. जैन न्यायाचे ग्रंथ अनेक वर्षे शिकवत असल्यामुळे हे प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने ती सलगच देतो.

आधी नावाचा घोळ दूर करतो. महाराष्ट्रातील दिगंबर जैन घरांत ‘समंतभद्र’ म्हटले की पुष्कळांना कारंजा आणि कुंभोज-बाहुबली येथील गुरुकुले उभी करणारे विसाव्या शतकातील समंतभद्र महाराज आठवतात. बौद्ध परंपरेत याच नावाचे एक बोधिसत्त्वही आहेत. आपला प्रश्न ज्यांच्याविषयी आहे ते या दोहोंहून वेगळे, दक्षिण भारतातील प्राचीन दिगंबर आचार्य होत. ‘आप्तमीमांसा’ (हिलाच ‘देवागमस्तोत्र’ म्हणतात), ‘युक्त्यनुशासन’, ‘स्वयंभूस्तोत्र’, ‘स्तुतिविद्या’ आणि ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या पाच कृती त्यांच्या नावावर आज उपलब्ध आहेत. ‘जीवसिद्धी’ नावाचा त्यांचा ग्रंथ इ.स. ७८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘हरिवंशपुराणा’च्या कर्त्याला ठाऊक होता, आज तो उपलब्ध नाही. जैन तत्त्वज्ञानाचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या तत्त्वार्थसूत्रावर त्यांनी ८४ हजार श्लोकांएवढे ‘गंधहस्तिमहाभाष्य’ लिहिले असे जे सांगितले जाते, त्याची एकही प्रत आजवर हाती आलेली नाही, त्यामुळे त्याच्या आधारे कोणताही निष्कर्ष काढू नये.

समंतभद्रांनी स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. श्रवणबेळगोळ येथील ‘आप्तमीमांसे’च्या एका ताडपत्री प्रतीच्या शेवटी त्यांना ‘फणिमंडलाचे भूषण असलेल्या उरगपूरच्या अधिपतीचे पुत्र’ म्हटले आहे, आणि उरगपूर म्हणजे कावेरीकाठचे उरैयूर, आजच्या तिरुचिरापल्लीचा भाग, असे बऱ्याच अभ्यासकांनी मानले आहे. ‘स्तुतिविद्या’ हे चित्रकाव्य आहे. तिचा शेवटचा श्लोक चक्राच्या आकृतीत मांडला की ठरावीक वलयांतील अक्षरांतून ‘शान्तिवर्मकृतम्’ आणि ‘जिनस्तुतिशतम्’ ही पदे मिळतात. यावरून त्यांचे गृहस्थाश्रमातील नाव शांतिवर्मा असावे, असा तर्क करतात. दक्षिणेतील राजकुळाला साजेसे नाव, राजपुत्र असल्याचा उल्लेख आणि तमिळ देशातील जन्मस्थान हे तीन धागे एकमेकांना पूरक आहेत, पण त्यांतून सलग चरित्र विणता येईल एवढे ते लांब नाहीत.

काळाविषयी मतभेद मोठा आहे. परंपरा आणि तिला अनुसरणारे जुने संशोधक, विशेषतः १९२५ साली मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेतून ‘रत्नकरंडका’ची सटीक आवृत्ती प्रदीर्घ प्रस्तावनेसह संपादित करणारे पंडित जुगलकिशोर मुख्तार, त्यांना इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास नेतात, आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकजण त्यांना पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत खाली आणतात. वादाचे मूळ कुठे आहे ते सांगतो. आठव्या शतकातील अकलंकदेवांनी ‘आप्तमीमांसे’वर भाष्य लिहिले, म्हणून समंतभद्र त्यांच्या आधीचे, यात शंका नाही. पूज्यपाद देवनंदींच्या ‘जैनेंद्र व्याकरणा’त ‘चतुष्टयं समन्तभद्रस्य’ असे सूत्र आहे. ते याच समंतभद्रांविषयी असेल तर ते पूज्यपादांच्याही आधीचे ठरतात. उलट बाजूने, त्यांच्या युक्तिवादात बौद्ध न्यायाची जी परिपक्व परिभाषा प्रतिपक्ष म्हणून समोर येते, ती दुसऱ्या शतकात बसवणे कठीण जाते. सोन्याची एक वस्तू मोडून दुसरी करताना एकाला दुःख, दुसऱ्याला आनंद आणि तिसऱ्याला काहीच न वाटणे, हा त्यांचा प्रसिद्ध दृष्टांत वैदिक मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट यांच्या ‘श्लोकवार्तिका’तही आहे, आणि कोणी कोणाकडून घेतला यावरही बरीच शाई खर्ची पडली आहे. मला स्वतःला पाचव्या शतकाच्या जवळपासचा काळ ग्रंथांच्या आतल्या पुराव्याशी अधिक जुळणारा वाटतो. मात्र त्यांचा विचार समजून घेताना शतकाच्या निश्चितीवाचून फारसे काही अडत नाही.

आता आख्यायिकांकडे वळू. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर पार्श्वनाथ बसदीतील (बसदी म्हणजे जैन मंदिर) स्तंभावर ‘मल्लिषेणप्रशस्ती’ नावाचा मोठा संस्कृत शिलालेख आहे. तो शके १०५० चा, म्हणजे इ.स. ११२८-२९ चा. त्यात समंतभद्रांच्या तोंडी घातलेला हा श्लोक येतो:

पूर्वं पाटलिपुत्रमध्यनगरे भेरी मया ताडिता
पश्चान्मालवसिन्धुठक्कविषये काञ्चीपुरे वैदिशे ।
प्राप्तोऽहं करहाटकं बहुभटं विद्योत्कटं संकटं
वादार्थी विचराम्यहं नरपते शार्दूलविक्रीडितम् ॥

वादाचे आव्हान देणाऱ्याने नगरात भेरी वाजवावी, असा तेव्हाचा संकेत. पाटलिपुत्र, माळवा, सिंध, पंजाबातील ठक्क देश, कांची आणि विदिशा येथे ती वाजवून झाल्यावर, ‘शूरांनी भरलेल्या, विद्येने उन्नत आणि माणसांनी गजबजलेल्या करहाटकाला मी आलो आहे, हे राजा, वादाच्या इच्छेने मी वाघासारखा संचार करतो’, असे ते सांगतात. शेवटचे पद श्लोकाच्या वृत्ताचे नावही आहे, ही कवीची गंमत. करहाटक म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे आपले कऱ्हाड. या श्लोकामुळे कऱ्हाडच्या वाचकांना आनंद होतो आणि तो व्हावाही, परंतु श्लोक समंतभद्रांनी स्वतः रचला असे मानणे मला धाडसाचे वाटते. ‘आप्तमीमांसे’तील त्यांची भाषा आखडती आहे, तीत स्वतःची फुशारकी नाही. श्लोकाचा खरा उपयोग वेगळा आहे. बाराव्या शतकातील जैन समाज त्यांना अजिंक्य वादी म्हणून स्मरत होता, आणि पाटलिपुत्र व कांची यांच्या पंक्तीला कऱ्हाडचे नाव घ्यावे एवढी त्या गावाच्या विद्वत्तेची ख्याती होती, या दोन गोष्टी त्यावरून निश्चित कळतात.

त्याच प्रशस्तीत त्यांना भस्मक रोग भस्मसात करणारे आणि मंत्रवचनाने चंद्रप्रभांना पाचारण करणारे म्हटले आहे. म्हणजे जी कथा पुढे कथाकोशांत विस्ताराने येते तिचा सांगाडा तेव्हा तयार झाला होता. कथा अशी: मुनी झाल्यावर समंतभद्रांना भस्मक रोग जडला, ज्यात जठराग्नी इतका प्रखर होतो की खाल्लेले अन्न क्षणात जळून जाते. दिवसातून एकदा, तेही हातांच्या ओंजळीत मिळेल तेवढेच अन्न घेणाऱ्या दिगंबर मुनीला या रोगात जगणे अशक्य. त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची, म्हणजे आहार क्रमाने सोडून देहत्याग करण्याची, अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती नाकारली आणि मुनिवेष सोडून आधी रोग बरा करण्यास सांगितले. वेगवेगळ्या पंथांचे वेष घेत ते फिरत राहिले. अखेर शिवकोटी राजाच्या शिवमंदिरात त्यांनी सांगितले की नैवेद्य मी देवाला प्रत्यक्ष खाऊ घालतो. आणि दार लावून तो रोज स्वतः खाऊ लागले. रोग शमत गेला तसा नैवेद्य उरू लागला, संशय आला, राजाने पिंडीला नमस्कार करण्याची आज्ञा केली. माझा नमस्कार या पिंडीला सोसणार नाही, असे सांगून त्यांनी चोवीस तीर्थंकरांची स्तुती आरंभिली, आणि आठव्या चंद्रप्रभांच्या स्तुतीला पिंडी दुभंगून जिनमूर्ती प्रकट झाली. राजा त्यांचा शिष्य झाला. एका परंपरेत ही घटना काशीला घडते, तर कन्नड परंपरेत कांचीला.

या कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी गुरूंचा नकार हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘रत्नकरंडका’त सल्लेखनेची व्याख्या करताना संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग ही कारणे दिली आहेत, पण त्यांना ‘निःप्रतीकारे’ हे विशेषण लावले आहे: ज्यावर उपायच उरला नाही अशा स्थितीतच देहत्याग धर्म्य होतो. भस्मकाला उपाय होता, म्हणून गुरूंनी परवानगी दिली नाही. कथा रचणाऱ्याने ग्रंथ नीट वाचला होता, असे यावरून दिसते. चंद्रप्रभांच्याच स्तुतीला मूर्ती का प्रकट व्हावी, याचेही कारण बहुधा ग्रंथातच आहे. त्या स्तुतीचा आरंभ ‘चन्द्रप्रभं चन्द्रमरीचिगौरम्’ असा होतो आणि त्याच श्लोकात ‘वन्दे’ हे क्रियापद येते. नमस्काराची आज्ञा आणि ‘वन्दे’ हा उच्चार यांची गाठ कथाकाराने तिथे मारली असावी, असा माझा तर्क आहे. स्तोत्रात मात्र शिवकोटी, पिंडी किंवा रोग यांचा कुठेही मागमूस नाही.

आणि आता आपला दुसरा प्रश्न. ‘आप्तमीमांसे’चा पहिला श्लोक असा आहे:

देवागमनभोयानचामरादिविभूतयः ।
मायाविष्वपि दृश्यन्ते नातस्त्वमसि नो महान् ॥

हे दुसऱ्या कोणाला नव्हे, प्रत्यक्ष तीर्थंकरांना उद्देशून म्हटलेले आहे. देव तुमच्यापाशी येतात, तुम्ही आकाशातून चालता, तुमच्यावर चवऱ्या ढाळल्या जातात. पण हे मायावी लोकांच्या ठिकाणीही दिसते, म्हणून एवढ्यावरून तुम्ही आम्हांला थोर नाही. टीकाकार विद्यानंदांनी या ठिकाणी सुंदर कल्पना केली आहे: जणू भगवंतच विचारतात की माझे एवढे वैभव असताना तू त्यावरून माझी स्तुती का करत नाहीस, आणि आचार्य उत्तर देतात. दुसऱ्या श्लोकात देहाची दिव्यता निकालात निघते, कारण रागद्वेषयुक्त देवांनाही ती असते. तिसऱ्यात पंथप्रवर्तक असणे हेही प्रमाण राहत नाही, कारण प्रवर्तकांची मते एकमेकांच्या विरोधी असल्यामुळे ते सगळेच आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असे, असू शकत नाहीत.

इथे चमत्कार झालेच नाहीत असे समंतभद्र म्हणत नाहीत, हे लक्षात घ्यावे. ते फक्त एवढे म्हणतात की जी खूण खऱ्याच्या आणि खोट्याच्या दोघांच्या ठिकाणी आढळते तिच्यावरून खरा ओळखता येत नाही. न्यायाच्या भाषेत तो हेतू ‘व्यभिचारी’, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसतानाही आढळणारा, आहे. त्यामुळे पिंडी खरोखर दुभंगली असे धरून चालले, तरी त्यांच्याच कसोटीनुसार त्यातून जैन मताची सत्यता सिद्ध होत नाही. ग्रंथातील समंतभद्र आणि कथेतील समंतभद्र यांच्यात जे अंतर आहे ते एका माणसाच्या विसंगतीचे नसून काळाच्या गरजेचे आहे. कर्नाटकात बाराव्या शतकात शैव आणि जैन यांच्यातील स्पर्धा तीव्र झाली होती. अब्लूरच्या इ.स. १२०० च्या सुमाराच्या शिलालेखात एकांतद रामय्या या शैव भक्ताने जैनांशी पैज लावून स्वतःचे शिर कापून परत मिळवल्याचे वर्णन आहे. अशा वातावरणात तर्काने जिंकणारा आचार्य पुरेसा वाटला नसावा. समंतभद्रांनी ज्याला प्रमाण मानण्याचे नाकारले तेच त्यांच्या पदरात पडले, हा इतिहासाचा खोडकरपणाच म्हणायचा.

मग थोरवी कशावरून ठरवायची? चौथ्या श्लोकात ते म्हणतात की दोष आणि ज्ञानावरील आवरण कमी-अधिक होताना दिसतात, म्हणून कुठेतरी ती पूर्णपणे नाहीशी होणे शक्य आहे. पाचव्यात सर्वज्ञाची सिद्धी आहे: सूक्ष्म, काळाने दूर आणि अंतराने दूर असलेल्या वस्तू अनुमानाने जाणता येतात, म्हणून त्या कोणाला तरी प्रत्यक्ष असल्या पाहिजेत, जसा अनुमानाने जाणलेला अग्नी कोणाला तरी प्रत्यक्ष असतो. स्पष्ट सांगायचे तर हा युक्तिवाद मला ग्रंथातला सर्वांत कमकुवत दुवा वाटतो. अग्नीच्या एका उदाहरणावरून सर्व वस्तूंविषयी व्याप्ती, म्हणजे न चुकणारा नियम, मांडणे जड जाते, आणि सर्वज्ञाच्या कल्पनेवर कुमारिलांसारख्या मीमांसकांनी जोरदार हल्ला चढवल्यावर अकलंक आणि विद्यानंद यांना इथे बरीच डागडुजी करावी लागली. परंतु सहावा श्लोक येतो आणि सगळा भार योग्य जागी येऊन बसतो. ‘स त्वमेवासि निर्दोषो युक्तिशास्त्राविरोधिवाक्’: तुम्हीच ते निर्दोष आहात, कारण तुमचे वचन युक्तीच्या आणि शास्त्राच्या विरोधात जात नाही. व्यक्तीची परीक्षा वचनाच्या परीक्षेत रूपांतरित झाली. पुढचे शंभरावर श्लोक ही वचनाची परीक्षाच आहे, आणि स्तुती म्हणून सुरू झालेला ग्रंथ पाहता पाहता न्यायग्रंथ बनतो. भक्तीला परीक्षेची भीती वाटू नये, उलट परीक्षा हीच भक्तीची रीत असावी, हा समंतभद्रांचा विशेष मला त्यांच्या कोणत्याही एका सिद्धांतापेक्षा मोठा वाटतो.

परीक्षा ज्या मतांशी झुंजत पुढे जाते त्यांना ते ‘एकांत’ म्हणतात. वस्तू केवळ सत् आहे किंवा केवळ असत्, सर्व एकच आहे किंवा सर्व पृथक्, सर्व नित्य आहे किंवा क्षणिक, अशा जोड्या घेऊन ते प्रत्येक टोकाला त्याच्याच वाटेने नेतात आणि ते कुठे अडते ते दाखवतात. ‘सर्व एकच’ म्हणणाऱ्या मताला त्यांचा प्रश्न दोन ओळींचा आहे. हे अद्वैत तुम्ही हेतूने सिद्ध करता का? मग हेतू आणि साध्य हे दोन झाले. हेतूशिवाय सिद्ध करता का? मग नुसत्या शब्दाने द्वैतही का सिद्ध होऊ नये? क्षणिकवादाला विचारलेला प्रश्न याहून टोकदार आहे. चित्त क्षणोक्षणी निराळे असेल, तर ज्याने मारण्याचा संकल्प केला ते चित्त मारत नाही, जे मारते त्याने संकल्प केलेला नव्हता, ज्याला कर्मबंध होतो त्याने यांपैकी काहीच केलेले नाही, आणि जे बद्ध झाले ते मुक्त होत नाही. एका श्लोकात कर्म, जबाबदारी आणि मोक्ष या तिन्हींचा हिशेब मागितला आहे. बौद्धांकडे संतानाच्या, म्हणजे क्षणांच्या अखंड प्रवाहाच्या, कल्पनेने दिलेले उत्तर होते आणि समंतभद्रांनी ते विचारात घेतले आहे. तरी ‘आप्तमीमांसा’ प्रथमच वाचणाऱ्याला हा श्लोक थांबवतो, असा माझा अनुभव आहे.

आता स्याद्वाद. चौदाव्या श्लोकात ते म्हणतात की तुमच्या मते वस्तू एका अपेक्षेने सत् आहे, एका अपेक्षेने असत्, तशीच उभयरूप आणि अवक्तव्यही. नयाच्या, म्हणजे विशिष्ट दृष्टिकोनाच्या, योगाने, सर्वथा नव्हे. पंधराव्यात याचा खुलासा आहे. स्वतःचे द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चार बाजूंनी वस्तू आहेच, आणि दुसऱ्याच्या चार बाजूंनी ती नाहीच. मातीचा घट माती म्हणून, अमुक जागी, अमुक काळी, अमुक गुणांनी आहे. तो सोन्याचा म्हणून नाही, दुसऱ्या जागी नाही, घडण्याच्या आधी नाही. मूळ संस्कृतात ‘सदेव’ आणि ‘असदेव’ असे निश्चयवाचक ‘एव’ दोन्हीकडे आहे. म्हणजे प्रत्येक विधान ठाम आहे, फक्त ते कोणत्या अपेक्षेने केले हे सांगण्याचे बंधन आहे. दोन्ही बाजू क्रमाने सांगितल्या तर ‘आहे आणि नाही’. एकाच वेळी, एकाच शब्दात सांगू गेले तर भाषेची तेवढी शक्ती नाही, म्हणून अवक्तव्य. यात ‘कदाचित असेल’ असा डळमळीतपणा नाही.

‘सर्वांचेच खरे’ हा अर्थ तर समंतभद्रांनी स्वतःच नाकारला आहे. एकशे आठव्या श्लोकात त्यांनी प्रतिपक्षाचा आक्षेप आधी मांडला आहे: खोट्या एकांतांची बेरीज केली तर ती खोटीच नव्हे काय? उत्तर असे की आमच्याकडे बेरीज नाहीच. ‘निरपेक्षा नया मिथ्या सापेक्षा वस्तु तेऽर्थकृत्’: एकमेकांची दखल न घेणारे दृष्टिकोन मिथ्या, आणि परस्परसापेक्ष असतील तरच ते वस्तूला धरून असतात व कार्य साधतात. तेव्हा दोन परस्परविरोधी मतांच्या माणसांना ‘तुमचेही बरोबर आणि यांचेही बरोबर’ असे सांगून घरी पाठवणे हा स्याद्वाद नव्हे. तुम्ही कोणत्या अपेक्षेने बोलता ते सांगा, आणि तुमच्या विधानाने समोरच्याची अपेक्षा खोडली जाते का ते तपासा, अशी ती मागणी आहे, आणि बहुतेक मते या मागणीपुढे नापास होतात. वस्तूला अनेक बाजू असतात या मताला अनेकांत म्हणतात, आणि स्याद्वाद ही ते मांडण्याची रीत. आजकाल भाषणांतून अनेकांत म्हणजे सौजन्य किंवा सहिष्णुता असे सांगितले जाते. हेतू चांगला असला तरी त्यामुळे एक कठोर शिस्त गुळगुळीत होऊन जाते.

मग अनेकांतही एकांतच झाला की काय, असे हुशार विद्यार्थी हमखास विचारतात. ‘स्वयंभूस्तोत्रा’तील अरनाथांच्या स्तुतीत याचे उत्तर आहे: ‘अनेकान्तोऽप्यनेकान्तः प्रमाणनयसाधनः’. अनेकांतही अनेकांतरूपच आहे; समग्र ज्ञानाच्या, म्हणजे प्रमाणाच्या, बाजूने तो अनेकांत आहे, आणि विशिष्ट अपेक्षा पुढे केली असता, म्हणजे नयाच्या बाजूने, तोच एकांत. शंकेचे उत्तर स्तोत्राच्या पोटात ठेवण्याची ही त्यांची पद्धतच आहे.

सोन्याच्या ज्या दृष्टांताचा उल्लेख वर आला तो एकोणसाठाव्या श्लोकात आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा असणाऱ्याला शोक झाला, मुकुट हवा असणाऱ्याला हर्ष, सोने हवे असणारा मध्यस्थ राहिला. तिन्ही मनःस्थिती सकारण आहेत, म्हणून नाश, उत्पत्ती आणि स्थैर्य ही तिन्ही त्याच वस्तूत एकाच वेळी असली पाहिजेत. लगेच पुढच्या श्लोकात व्रतांचे उदाहरण येते: दुधाचे व्रत घेतलेला दही खात नाही, दह्याचे व्रत घेतलेला दूध पीत नाही, आणि गोरसच वर्ज्य केलेला दोन्ही घेत नाही. यावरून तत्त्व त्रयात्मक आहे. पहिल्या उदाहरणात भावना पुरावा म्हणून उभी केली आहे, दुसऱ्यात आचरण. व्रत पाळणाऱ्या साध्या श्रावकाला हा दुसरा श्लोक चटकन पटतो, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो अधिक वेळ विचार करायला लावतो.

पुण्य-पाप प्रकरण आपल्याला आचारधर्मात रस असल्यास अवश्य पाहावे. दुसऱ्याला दुःख दिले की पाप आणि सुख दिले की पुण्य, असा सरळ नियम मानला तर, समंतभद्र म्हणतात, अचेतन वस्तूंना आणि कषायरहित, म्हणजे क्रोधलोभादी विकार नसलेल्या, पुरुषालाही कर्मबंध व्हावा, कारण तेही दुसऱ्याच्या सुखदुःखाला निमित्त होतात. उलट, स्वतःला दुःख दिले की पुण्य आणि सुख घेतले की पाप, असे मानले तर वीतराग, म्हणजे आसक्ती सुटलेले, मुनी आणि ज्ञानी पुरुष हेही बंधात पडतील. मग पुण्य-पाप ठरते कशाने? सुखदुःख स्वतःचे असो की दुसऱ्याचे, ते परिणामांच्या, म्हणजे मनातील भावांच्या, विशुद्धीतून आले की संक्लेशातून, म्हणजे मलिनतेतून, यावरून. दैव आणि पुरुषार्थ यांच्याविषयीही निवाडा असाच नेमका आहे. बुद्धिपूर्वक प्रयत्न न करता जे इष्ट-अनिष्ट घडले त्यात स्वतःचे दैव प्रधान, बुद्धिपूर्वक जे साधले त्यात पौरुष प्रधान.

पुण्य-पाप प्रकरणातील वीतराग मुनीच्या उल्लेखावरून गेल्या शतकात मोठा वाद झाला. ‘षट्खंडागम’ या प्राचीन दिगंबर आगमग्रंथाचे अमरावतीहून संपादन करणारे प्रा. हिरालाल जैन यांनी म्हटले की ‘आप्तमीमांसे’त वीतरागाला सुखदुःख असल्याचे गृहीत धरले आहे, तर ‘रत्नकरंडका’त आप्ताला भूक, तहान, म्हातारपण, रोग इत्यादी दोष नसतात असे लक्षण दिले आहे, म्हणून दोन्ही ग्रंथ एका कर्त्याचे नसावेत. मुख्तार आणि पंडित दरबारीलाल कोठिया यांनी त्याला सविस्तर उत्तरे दिली. पहिल्या ठिकाणचा मुनी केवली, म्हणजे सर्वज्ञ झालेला, नसून साधक अवस्थेतला आहे, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. मला हे उत्तर पटते, पण दोन ग्रंथांच्या शैलीतील फरक त्याने पुसला जात नाही. एक वादसभेसाठी लिहिलेला, दुसरा गृहस्थासाठी, एवढ्याने तो फरक समजावता येतो असे माझे मत आहे.

‘रत्नकरंडक’ म्हणाल तर दीडशे श्लोकांचा हा ग्रंथ कोल्हापूर-सांगली, सोलापूर आणि विदर्भातील जैन पाठशाळांत आजही शिकवला जातो, आणि पुष्कळदा नुसता पाठ करून सोडून दिला जातो. त्यातील काही श्लोक पाठांतराच्या ओघात निसटून जाऊ नयेत असे आहेत. नदी-समुद्रात स्नान, वाळू-दगडांचे ढीग रचणे, कड्यावरून किंवा अग्नीत उडी घेणे यांना धर्म समजणे ही लोकमूढता होय, असे तिथे म्हटले आहे. सम्यग्दर्शन, म्हणजे यथार्थ श्रद्धा, ज्याला लाभले तो चांडाळकुळात जन्मला तरी देव त्याला देव मानतात, कारण तो राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यासारखा आतून तेजस्वी असतो. आणि मोह नसलेला गृहस्थ मोहग्रस्त मुनीपेक्षा श्रेष्ठ, हे एका मुनीनेच लिहून ठेवले आहे. बाह्य खुणेवर विसंबायचे नाही हा पहिल्या श्लोकातला ‘देवागम’चा बाणा इथे जन्म, वेष आणि विधी यांना लावलेला दिसतो. दोन्ही ग्रंथ एकाच लेखणीचे असावेत असे मला ज्या कारणांनी वाटते त्यांतले हे एक आहे.

पुढच्या पिढ्यांनी त्यांना जो मान दिला तो दुर्मीळ आहे. राष्ट्रकूटकाळात, नवव्या शतकात जिनसेनांनी ‘आदिपुराणा’त लिहिले की कवी, गमक (ग्रंथांचा मर्म उलगडणारे), वादी आणि वाग्मी (वक्ते) या सर्वांच्या मस्तकावर समंतभद्रांचे यश चूडामणीसारखे शोभते. अकलंकांनी ‘आप्तमीमांसे’वर आठशे श्लोकांएवढी ‘अष्टशती’ लिहिली. तिला पोटात घेऊन विद्यानंदांनी ‘अष्टसहस्री’ लिहिली. आणि सतराव्या शतकात श्वेतांबर उपाध्याय यशोविजयांनी तिच्यावर विवरण रचले. संप्रदायाची भिंत ओलांडून एका दिगंबर ग्रंथाला मिळालेला हा मान आहे.

आपण वाचनाचा क्रमही विचारला असता असे धरून सांगतो. संस्कृत जुजबी असेल तर ‘रत्नकरंडक’ अर्थासह आधी वाचावे. नंतर ‘स्वयंभूस्तोत्रा’तील वासुपूज्य आणि अरनाथ यांच्या स्तुती घ्याव्यात, वासुपूज्यांच्या स्तुतीत, वीतरागाला पूजेचे किंवा निंदेचे काही नाही, तरी त्याच्या गुणांचे स्मरण आमचे चित्त शुद्ध करते, असा श्लोक आहे, आणि समंतभद्रांच्या मते स्तुती कशासाठी करायची ते त्यावरून कळते. त्यानंतर ‘आप्तमीमांसा’ वसुनंदींच्या संक्षिप्त वृत्तीबरोबर वाचावी. पहिले तेवीस श्लोक सावकाश झाले की पुढची प्रकरणे आपोआप वेग घेतात. ‘युक्त्यनुशासन’ त्याहून अवघड आहे, ते मागाहून. ‘अष्टसहस्री’ला मात्र शिक्षकाशिवाय हात घालू नये: स्वतः विद्यानंदांनीच तिला ‘कष्टसहस्री’ म्हणून ठेवले आहे, आणि त्यात विनयापेक्षा वस्तुस्थितीच अधिक आहे.